बिल्टींतला खरा आंकडा

खारघरहून शीव-पनवेल रस्त्यानें मुंबईकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत वाशी लागते. तेथील कृषि पणन मंडळाच्या केंद्रांत अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यांवर विकिरणाची प्रक्रिया होते. ८ व ९ मे २०२५ रोजीं ही प्रक्रिया झालेल्या आंब्यांच्या सुमारें पंधरा खेपा लॉस अँजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथील विमानतळांवर अडविण्यांत आल्या. विकिरणाचा दाखला सदोष आहे, असें कारण देण्यांत आलें. नाशिवंत माल परत आणणें परवडण्याजोगें नव्हतें; तो तेथेंच नष्ट करावा लागला. व्यापाऱ्यांच्या अंदाजानें नुकसान पांच लाख डॉलरचें होतें. सबंध हंगामाची मेहनत एका नोंदीपाशीं अडली!

तो दाखला निराळा आणि विमानमालाची बिल्टी, म्हणजे एअर वेबिल, निराळी. परंतु धडा दोहोंचा एकच. १९२९ च्या वॉर्सा करारान्वयें या बिल्टीच्या तीन मूळ प्रती लागत. १९९९ च्या माँट्रियल करारानें कागदाऐवजीं अन्य प्रकारची नोंदही मान्य केली. भारतांत तो २००९ पासून लागू आहे. २०१९ च्या आरंभापासून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेनें विद्युत् बिल्टी हीच नेहमींची रीत ठरविली. कागद गेला, तरी दोन्ही करारांचें दहावें कलम कायम आहे: बिल्टींतील मालाविषयींच्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी माल पाठविणारावर.

यंत्र चूक पकडीलच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी, हें बिल्टीच्या क्रमांकावरूनच पाहावें. त्यांत अकरा आंकडे असतात. पहिले तीन विमान कंपनीचे, पुढचे सात अनुक्रमाचे व शेवटचा ताळ्याचा. सातआंकडी संख्येस ७ नें भागून उरणारी बाकी हाच तो ताळा. १२३४५६७ ला भागल्यास बाकी ५ उरते. घाईनें ३ च्या जागीं ४ पडला तर बाकी बदलते व यंत्र हटकतें. परंतु १ च्या जागीं ८ पडला तर बाकी ५ च राहते आणि यंत्र गप्प बसतें.

वजनमापांस तर असा ताळाही नसतो. ६० × ५० × ४० सेंटिमीटरांची पेटी काट्यावर १२ किलो भरली, तरी मापांच्या गुणाकारास ६००० नें भागून २० किलोंचें भाडें पडतें. तेथें ४० चे १४० झाले, तर भाडें ७० किलोंचें होतें. पूर्वीं कागदावरची चूक एखाद्या कारकुनाच्या टेबलावर थांबण्याचा संभव असे. आतां माल गोदामांतून हलण्यापूर्वींच नोंद विमान कंपनीकडे व जकात खात्याकडे पोंचते, आणि तिच्याबरोबर चूकही.

म्हणून उपाय आरंभींच योजावा. मोजमाप एकदांच व नीट घ्यावें. पुढची प्रत्येक नोंद त्यावरूनच व्हावी. नंतर एकानें प्रत्यक्ष पेटीवरून मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें पडद्यावर ताडून पाहावें. जुन्या पेढ्यांत रोजमेळ असाच ताडून पाहात.

खारघरच्या शेजारचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतुकीस खुला झाला आहे. या वस्तींतील कित्येक मुलेंमुली तेथें नोंदीचें काम हातीं घेतील. गणित सुटल्यावर ताळा पाहण्याची शाळेंतली सवय त्यांनीं सोडूं नये. तिच्यावर कोणाची तरी वर्षाची कमाई अवलंबून असेल.