आसन्न उत्तराची जबाबदारी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या सभागृहात आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, कादंबरीवर पुष्कळ व्याख्याने झाली आहेत. त्यांतली अनेक मी तेथे मागच्या बाकावर बसून ऐकली. शताब्दीच्या निमित्ताने एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याला आपण गणितावर बोलण्यास उभे केले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मात्र परिणामांची जबाबदारी निमंत्रकांची आहे.

तसे पाहिले तर वडोदऱ्यात हा विषय परका मानण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन केले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून देण्याचा प्रयत्न झाला. पुढे १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवली. यंत्रशाळा आणि ग्रंथशाळा या दोन्ही येथे एकाच राजाच्या दृष्टीतून उभ्या राहिल्या. त्या आधारावर आज बोलण्याचे धैर्य करतो.

माझा विषय आहे संख्यात्मक पद्धती. वास्तू भाराखाली कशी वाकते आणि यंत्रमानवाचा हात कसा हलवावा, हे संगणकाकडून काढून घेण्याचे गणित. आरंभ मात्र एका जुन्या शब्दापासून करतो. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने सांगितले की, व्यास २०,००० असेल तर परिघ ६२,८३२ होतो. हे गुणोत्तर ३.१४१६ येते. परंतु हे सांगताना त्याने त्या परिघाला ‘आसन्न’ हे विशेषण लावले. आसन्न म्हणजे जवळचे, तंतोतंत नव्हे. उत्तर उत्तम आहे, पण ते जवळचे आहे, हे त्याने उत्तराबरोबरच नोंदवून ठेवले. माझ्या साऱ्या व्यवसायाचे मर्म मला या एका शब्दात दिसते.

आता मुख्य पद्धतीकडे वळू. वेड्यावाकड्या बांधाच्या शेताचे क्षेत्रफळ काढायचे असेल तर मोजणीदार काय करतो? शेताचे त्रिकोण पाडतो, एकेकाचे क्षेत्रफळ काढतो आणि बेरीज करतो. धरणाची भिंत, विमानाचा पंख किंवा पुलाचा खांब यांच्या बाबतीतही अशीच युक्ती योजतात. त्यांच्या अंतर्भागातील बलांची अवकल समीकरणे लिहिता येतात, पण आकार गुंतागुंतीचा असल्यामुळे ती सरळ सोडवता येत नाहीत. म्हणून त्या वस्तूचे लहान लहान घटक कल्पावयाचे. प्रत्येक घटक साध्या रीतीनेच वाकतो असे गृहीत धरावयाचे आणि शेजारच्या घटकांचे कोपरे एकमेकांशी जुळवावयाचे. त्यातून हजारो बैजिक समीकरणे उभी राहतात. ती सोडवण्याचे काम संगणकाचे. हिला सांत घटक पद्धती म्हणतात. रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने १९४३ च्या निबंधात त्रिकोणांची अशी कल्पना मांडली होती. विमानाच्या रचनेसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये ती अभियंत्यांच्या हाती दिली, आणि तिचे आजचे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये रूढ केले.

येथे ‘गृहीत धरावयाचे’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. प्रत्येक घटकाचे वाकणे साधे असते, हे खरे नाही. घटक पुरेसे लहान असतील तर ते खऱ्याच्या जवळ जाते, इतकेच. जेथे बल हळूहळू बदलते तेथे मोठे घटक चालतात. जेथे ते झपाट्याने बदलते, म्हणजे कोपऱ्यात, सांध्यात, भिंत भिंतीला मिळते तेथे, जाळी बारीक विणावी लागते. कोठे बारीक विणावी, हे यंत्राला मूलतः कळत नाही. ते माणसाने सांगावे लागते, किंवा ते ओळखण्याची रीत आधी माणसाने यंत्रात घालावी लागते.

माझ्या तरुणपणी मी हे एका कारखान्याच्या मजल्यावर शिकलो. तेव्हा संगणकाला माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून द्यावी लागे. सारख्या आकाराच्या सहा खणांचा तो मजला. प्रत्येक खणावरील भाराचे एक कार्ड. यंत्राने दिलेला कागदांचा गठ्ठा मी मोठ्या अभिमानाने कार्यालयात आणला. प्रत्येक आकडा दशांशचिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत! आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ आरेखकांनी तो चाळला. त्यांना संगणकाचे ज्ञान नव्हते. ते एवढेच म्हणाले, “सगळ्या खांबांवरची ओझी मिळवून पाहिलीत का? वरून जेवढे ठेवले तेवढे खाली उतरले पाहिजे.” मी बेरीज केली. ती नेमकी एका खणाच्या भाराइतकी कमी भरली. एक कार्ड वाटेत कोठेतरी गळाले होते. यंत्राने तक्रार केली नाही. त्याने पाच खणांचे बिनचूक गणित करून सहा खणांच्या मजल्याचे उत्तर म्हणून माझ्या हाती ठेवले. चूक सर्वस्वी माझी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण रेखाचित्रे दुसऱ्या दिवशी बांधकामावर जाणार होती.

माझी चूक कागदावरच सापडली. सर्वांचे नशीब तसे नसते. नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्ड या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी ‘स्लाइप्नर ए’ या सागरी वायुमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. ८२ मीटर खोल समुद्रात उभा राहण्यासाठी तो बांधला होता. त्यात २४ कोठ्या होत्या. गोल कोठ्या एकमेकींना टेकतात तेथे मध्ये तिकोनी पोकळी उरते. त्या पोकळीत समुद्राचे पाणी येत असे आणि तिच्या भिंतींना त्या पाण्याचा दाब सोसावा लागे. सुमारे ६५ मीटर खोलीवर त्यांतली एक भिंत फुटली. आत घुसणारे पाणी उपसण्यापलीकडचे होते. पाया बुडाला, खाली जाताना चिरडला गेला आणि तळावर आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३ महत्तेचा धक्का नोंदला गेला. प्राणहानी झाली नाही; आर्थिक हानी सुमारे ७० कोटी डॉलरची मानली जाते.

चौकशीत कारण निघाले ते आपल्या विषयातले. रचनेचे गणित सांत घटक पद्धतीने, नामांकित आज्ञावलीवर केलेले होते. पण त्या तिकोनी पोकळीच्या भिंतीपाशी घटक फार मोठे आणि तिरकस होते. त्यामुळे भिंतीतील कर्तनबल, म्हणजे कात्रीच्या पात्यांप्रमाणे एका भागाला दुसऱ्यावरून सरकवू पाहणारे बल, ४७ टक्क्यांनी कमी आले. त्या मानाने भिंत पातळ राहिली आणि सांध्यातील लोखंडी गजांची पकडही अपुरी ठरली. अपघातानंतर अधिक बारीक जाळी घेऊन तेच गणित पुन्हा केले, तेव्हा भिंत ६२ मीटरवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धती खोटी नव्हती. ती वापरणाऱ्याने तिला विचारलेला प्रश्न ढोबळ होता.

श्रोतेहो, मला अस्वस्थ करते ती गोष्ट पुढची आहे. ६५ मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५ टन असतो. भिंतीचा एक मीटर उंचीचा पट्टा घ्यावा, त्याच्या दोन आधारांमधील अंतराने ६५ ला गुणावे आणि निम्मे करावे. एका टोकावर येणारे कर्तनबल ढोबळ मानाने हाती येते. हे गणित कोणताही विद्यार्थी पाटीवर करू शकेल. ते उत्तरही आसन्नच, पण ते आणि यंत्राचे उत्तर शेजारी ठेवले असते तर एवढी मोठी तफावत कोणाच्याही डोळ्यांत भरली असती.

आतापर्यंत उभ्या असलेल्या वस्तूंविषयी बोललो. हलणाऱ्या वस्तूंच्या गणिताला आणखी एक अट असते, ती वेळेची. यंत्रमानवाच्या हाताला खांदा, कोपर, मनगट असे सांधे असतात. कोपर हलले की त्याचा परिणाम खांद्यावर होतो. हात ठरलेल्या मार्गाने न्यायचा तर प्रत्येक सांध्याच्या मोटरीने किती जोर लावावा, हे सेकंदातून शेकडो वेळा नव्याने काढावे लागते. उत्तर उशिरा आले तर ते बरोबर असूनही निरुपयोगी, कारण तोवर हात पुढे सरकलेला असतो. शिळ्या उत्तरांवर चालणारा हात थरथरू लागतो. सहा सांध्यांच्या हातासाठी जुन्या रीतीने एका वेळी ६६,२७१ गुणाकार करावे लागत. लू, वॉकर आणि पॉल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत ते ८५२ वर आले. युक्ती साधी होती. खांद्याकडून बोटांकडे जाताना प्रत्येक भागाचा वेग आणि त्वरण काढावे. परत येताना बोटांकडून खांद्याकडे बले मोजत यावे. एकदा केलेले गणित पुन्हा करू नये. येथे भौतिकशास्त्र बदलले नाही, हिशेब मांडण्याची शिस्त बदलली.

वास्तूचे गणित आणि हाताचे गणित जेथे एकत्र आले, असे एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन अंतराळयानांवरील कॅनडार्म. कॅनडात तयार झालेला हा सहा सांध्यांचा हात सुमारे १५ मीटर लांब आणि सडपातळ होता. भारहीन अवस्थेत अनेक टनांचे ओझे हलवण्यासाठी तो घडवला होता. पृथ्वीवर त्याला स्वतःचे वजनही उचलता येत नसे. म्हणजे ज्या कामासाठी तो बांधला ते काम जमिनीवर जसेच्या तसे करून पाहण्याची सोयच नव्हती. शिवाय एवढा लांब हात लवतो. मोटर थांबली तरी टोक डोलत राहते. ते किती डोलेल, किती वेळाने शांत होईल, हे आधी संगणकावरच पाहावे लागले.

येथे अभियंत्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी गणितावर भिस्त ठेवली, पण डोळे मिटून नव्हे. नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ यानाच्या दुसऱ्या उड्डाणात हात प्रथम उघडला, तो रिकामाच. मार्च १९८२ च्या उड्डाणात त्याने एक हलके उपकरण उचलले. १९८३ मध्ये काही टनांचा, मुद्दाम तयार केलेला चाचणी-भार हलवून पाहिला. गणिताने वर्तवलेल्या वागणुकीला प्रत्यक्षाची साक्ष अशी पायरीपायरीने मिळत गेली. २०११ मध्ये ती याने निवृत्त होईपर्यंत त्या जातीच्या हातांनी काम केले.

एक पाया बुडाला आणि एक हात तीस वर्षे चालला. दोन्हींच्या मुळाशी आसन्न उत्तरेच होती. फरक पडला तो त्या उत्तरांची उलटतपासणी झाली की नाही, याने. आज माझ्या नातवाच्या टेबलावरील संगणक त्या काळच्या यंत्रांहून कितीतरी वेगवान आहे. क्षणात रंगीत चित्र उमटते; लाल रंग म्हणजे धोका, निळा म्हणजे सुरक्षित. पण त्या निळ्या रंगामागे जाळी कोणी विणली, भार कोणी घातला, आधार कोठे मानले, हे चित्र आपण होऊन सांगत नाही. ते विचारावे लागते.

आणि विचारण्यासाठी भाषा लागते. ज्या आरेखकांनी मला बेरीज करायला लावली, त्यांचे शिक्षण मराठीत झाले होते आणि ते याच ग्रंथालयाचे वर्गणीदार होते. त्यांचा प्रश्न इतका सोपा निघाला, कारण तो त्यांना आपल्या भाषेत, मुळापासून कळलेला होता. आपल्या कपाटांत कथाकादंबऱ्यांच्या शेजारी यंत्रशास्त्राची, गणिताची चार चांगली मराठी पुस्तके असावीत, आणि नसतील तेथे आपल्यातील जाणत्यांनी ती लिहावीत, एवढीच शताब्दीनिमित्त माझी विनंती आहे. ती पुस्तके वाचून सारेच अभियंते होणार नाहीत. पण समोर आलेला आकडा कितपत जवळचा आहे, असे विचारणारी चार माणसे जरी निघाली, तरी कोठेतरी एखादी भिंत उभी राहील.