उगारलेला हात आणि आवरलेला हात



कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत दिसणारी हिंसा, साहस आणि मर्दानगी, असा आजचा विषय आहे. तो ऐकून काहींना वाटले असेल की, वक्ता आता पडद्यावरच्या मारामाऱ्यांना नावे ठेवील आणि तरुणांना चार उपदेशाचे शब्द सांगून खाली बसेल. तसा माझा विचार नाही. साहसाची आवड ही माणसाची उपजत आवड आहे. हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. शाळेच्या पुस्तकाआड दडवून वाचल्या गेल्या. त्या वाचून घराघरांत दरोडेखोर निपजले नाहीत. तेव्हा गोष्टीने मुलगा बिघडतो, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

परंतु गोष्ट एक काम निश्चित करते. मर्द कोणाला म्हणावे, याचे माप ती मुलाच्या हाती देते. हे माप तो शाळेत शिकत नाही, बापही त्याला ते समजावून सांगत नाही. गोष्टीतला नायक ज्या क्षणी टाळ्या घेतो, त्या क्षणी ते त्याच्या मनात बसते. अलीकडे आपल्या राज्यात वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या पोरांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. त्या तलवारीला कोणी शत्रू नसतो. समोर असतो केक आणि त्याच्यासमोर असतो मोबाइलचा कॅमेरा. साहस संपले आणि साहसाचा नुसता पवित्रा उरला, अशी ही अवस्था आहे. म्हणून आपण दिलेले माप कोणते, हे तपासून पाहणे भाग आहे.

ते तपासायला दूर जाण्याचे कारण नाही. आटपाडी तालुक्याने मराठी साहित्याला ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात असे तीन साहित्यसंमेलनाध्यक्ष दिले. आणि याच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी येथे बिनभिंतींची वसाहत उभी राहिली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्या कल्पनेत मोठा वाटा होता. कैद्याने बायकामुलांसह राहावे, शेती करावी, आणि पळून जायला वाट मोकळी असताना पळू नये, असा तो प्रयोग.

या प्रयोगावरूनच ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट सुचला. कथा गदिमांची. एक तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगातून बाहेर काढतो आणि माळरानावर शेती करायला लावतो. साहसकथेला लागते ते सगळे येथे आहे. कैदी कोणत्या रात्री त्याचा गळा दाबतील, याची धास्ती प्रेक्षकाला असते. पण या कथेचा कळस कोठे आहे ते पाहा. कैदी पिकवलेली भाजी घेऊन बाजारात जातात. ते स्वस्त विकतात म्हणून तेथल्या व्यापाऱ्याचे पित्त खवळते आणि त्याचे गुंड त्यांना मारहाण करतात. कैदी मार खातात, पण हात उचलत नाहीत. हे हात दुबळे नाहीत. त्यांनी माणसे मारली आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. म्हणूनच त्या आवरलेल्या हातांना वजन येते. दुबळ्याने मार खाल्ला तर आपल्याला कीव येते. मारू शकणाऱ्याने हात आवरला, तर मात्र ते साहस ठरते.

पुढे जेलर बैलांशी झुंजतो आणि त्यातच प्राण सोडतो. उधळलेला बैल म्हणजे काय, हे खिलाराच्या या मुलखाला सांगायला नको. त्या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. म्हणजे चित्रपटात अंगाची झुंज आहेच. तिचे वैर मात्र माणसाशी नाही आणि तिची किंमत नायक स्वतः मोजतो. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. आटपाडीच्या माळावरची गोष्ट परदेशी प्रेक्षकालाही कळली.

येथे कोणी म्हणेल की, ही तर नुसती अहिंसेची शिकवण झाली, आणि आमचा सातारा-सांगलीचा इतिहास काही तिने घडलेला नाही. आक्षेप रास्त आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात इंग्रजी सत्तेला आव्हान दिले आणि त्यासाठी शस्त्रही हाती घेतले. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक उपाशी माणसांसाठी लूट करतो. १८७१ च्या कायद्याने सरकारने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. त्या जमातींना त्यातून सुटायला १९५२ साल उजाडावे लागले. अशा वेळी हिंसक कोण, कायदा की फकिरा, हा प्रश्न सोपा राहत नाही. म्हणून प्रत्येक उगारलेला हात सारखाच, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसांना सरकारने कोंडून ठेवले, तेव्हा फकिरा स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन झाला. शस्त्र दुसऱ्यासाठी आणि शिक्षा स्वतःला, हे त्याचे माप. तलवारीने केक कापणाऱ्याचे माप याच्या अगदी उलटे आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तर ठोसा मारण्याजोगा खलनायकच नाही. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. वाडी तालीम बांधते, म्हणजे शरीरबळाचे कौतुक तिलाही आहे. पण बैल नाही म्हणून स्वतःला जुंपून घेणारी धनगरीण तेथे भेटते, आणि बळ ही पुरुषांची मिरास नव्हे, हे कोणी न सांगता कळते. एरवी आपल्या साहसकथांत बाईचे काम एकच असते. तिला कोणी तरी पळवायचे आणि नायकाने सोडवून आणायचे. आणि शेवटी वाडीवर येतो तो दुष्काळ. त्याला ठोसा मारता येत नाही. माणदेशात माणसाचा कस लागतो तो टिकून राहण्यात, आणि हा कस बायकांनी पुरुषांपेक्षा कमी दिलेला नाही.

काही जण निसर्गाचा दाखला देतात. नर लढणारच, असे म्हणतात. याचे उत्तरही माडगूळकरांनीच १९८२ साली ‘सत्तांतर’मध्ये देऊन ठेवले आहे. वानरांच्या टोळीचा मालक बदलतो, तेव्हा नवा नर दुधपिती पिले मारतो. लेखकाने हे काही न लपवता लिहिले, पण त्याचा पोवाडा गायला नाही. वानराला दुसरा मार्ग ठाऊक नाही, माणसाला ठाऊक आहे. तरीही २०१६ सालच्या ‘सैराट’चा शेवट आठवा. मुलीचे भाऊबंद येतात आणि नवराबायकोला संपवून जातात. आपण घराण्याची अब्रू राखली, मर्दाचे कर्तव्य केले, अशीच त्यांची समजूत असते. नागराज मंजुळ्यांनी तेथे संगीत वाजवले नाही, वारही दाखवले नाहीत. रक्तात भरलेली तान्ह्या मुलाची पावले तेवढी दाखवली. चित्रपटगृहात टाळी वाजायला जागाच ठेवली नाही.

तेव्हा हिंसा दाखवावी की दाखवू नये, हा खरा प्रश्न नव्हे. ती दाखवल्यावर टाळी कोठे मागितली, हा प्रश्न आहे. आपला मुलगा चित्रपट पाहून आला, तर त्याला रागावू नका. त्याला तीन गोष्टी विचारा. नायकाने हात उगारला तो कोणासाठी? त्याची किंमत कोणी मोजली? आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात चूल कोणी पेटवली? ज्या गोष्टीला ही उत्तरे देता येतात, ती खुशाल पाहू द्या. जिला देता येत नाहीत, तिच्यातले पोकळपण त्याचे त्यालाच कळेल. आणि जमले तर एखाद्या रविवारी त्याला स्वतंत्रपुराकडे घेऊन जा. भिंत नसताना जागेवर राहणे याला किती धैर्य लागते, एवढे त्याला सांगा.