मेपलचे पान

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या ग्रंथालयात भरविलेल्या नाणी-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



समोरच्या काचेच्या पेटीत एकेचाळीस नाणी मांडली आहेत. ती सगळी कॅनडाची आहेत. इंदुरातल्या मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात होळकरांची नाणी असती तर कोणी काही विचारले नसते. कॅनडाची का, हा प्रश्न गेल्या आठ दिवसांत मला निदान वीस जणांनी विचारला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही द्यावी लागणार आहे.

टोरंटोला स्थायिक झालेली आपली एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी शाळेत आली. तिच्या वृद्ध शेजारणीने घर सोडताना तिला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला होता. तो तिने जसाच्या तसा माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, महोत्सवासाठी काही उपयोग झाला तर पाहा," एवढेच ती म्हणाली. त्या सुमारास प्रयोगशाळेचे छप्पर गळत होते. डब्यात चांदीचा एक मोठा डॉलर पाहून माझ्या मनात पहिला विचार छपराचा आला, हे मी लपवीत नाही.

सराफ्यातील एका परिचित पेढीवर तो डॉलर दाखविला. त्यांनी तो तराजूत टाकला: वजन २३.३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ८० टक्के, म्हणजे सुमारे १८.७ ग्रॅम. त्यांनी भाव सांगितला तो तेवढ्या चांदीचा. सराफाची दृष्टी तीच असावयाची, त्यात त्यांचे काही चुकले नाही. मी मात्र घरी येऊन एक उद्योग केला. दिवाळी तोंडावर होती. देवघरातली निरांजने ज्या दंतमंजनाने घासते त्याच दंतमंजनाने तो काळवंडलेला डॉलर मी लख्ख केला. चांगला दिसला तर चार पैसे अधिक येतील, हा माझा हिशेब.

पुढे शहरातील एक ज्येष्ठ नाणेसंग्राहक शाळेत आले. त्यांनी दहापट मोठे दाखविणारे भिंग काढले, डॉलर कडेने धरून उजेडात फिरविला आणि शांतपणे विचारले, "हा कोणी घासला?" भिंगातून मला त्या चकचकीत पृष्ठभागावर केसासारख्या शेकडो रेषा दिसल्या. ते म्हणाले की संग्राहक आता याला मूळ भावाच्या निम्मेही देणार नाहीत. नाण्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळपट थर हा मळ नसतो. पृष्ठभाग अस्पर्शित असल्याची ती साक्ष असते, आणि एकदा पुसली की ती परत आणता येत नाही. तीस वर्षे मुलांना अस्सल साधनांचे महत्त्व शिकविणाऱ्या इतिहासाच्या शिक्षिकेला हे ठाऊक असावयास हवे होते.

त्या दुपारी त्यांनी मला नाणे वाचावयास शिकविले. जुने म्हणजे मौल्यवान, ही आपली समजूत त्यांनी प्रथम मोडली. नाण्याचे मोल त्याच्या वयावर नसते. ते किती उरली, किती झिजली आणि कितीजणांना हवी आहेत, यावर असते. कॅनडाचे १९२१ सालचे अर्ध्या डॉलरचे नाणे दोन लाखांहून अधिक पाडले गेले, परंतु मागणी नसल्याने जवळजवळ सर्व टांकसाळीतच वितळविले गेले. आज त्याची शंभराच्या आतबाहेर नाणी उरली आहेत आणि त्याला कॅनडाच्या नाण्यांचा राजा म्हणतात. त्याहून जुना, व्हिक्टोरिया राणीचा तांब्याचा सेंट मात्र बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो.

मग भेदांचा विषय निघाला. एकाच सालाचे, एकाच किमतीचे नाणे. पण ठशात अंमळ फरक. १९३६ मध्ये पाचवा जॉर्ज वारला, आठव्या एडवर्डने वर्ष संपण्यापूर्वीच गादी सोडली आणि सहाव्या जॉर्जचे ठसे लंडनहून यावयास उशीर झाला. तेव्हा ओटावाच्या टांकसाळीने १९३७ च्या आरंभी जुनेच ठसे वापरले आणि ओळखीसाठी सालाखाली एक बारीक ठिपका दिला. असे सेंट सहा लाखांहून अधिक पाडल्याची नोंद आहे. आज जगात ठाऊक आहेत ते अवघे तीन. साहजिकच ठिपका चिकटविणारे कारागीरही निपजले. म्हणून भिंगातून ठिपका कसा आहे यापेक्षा त्याच्या मुळाशी काय आहे ते पाहावे. तो पृष्ठभागातूनच उठलेला हवा. भोवती डाग किंवा खरवड दिसली तर हात जोडावेत. वजन करावे, लोहचुंबक लावावे. १९४७ चा बारा कोनांचा, बीव्हर प्राण्याचे चित्र असलेला पाच सेंट निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतोच. चांदीचा डॉलर चिकटला तर तो खोटा.

हे चालले असता त्यांनी डब्यातून तांब्याचा एक क्षुल्लक सेंट उचलला आणि मला वाचावयास दिला. साल १९४७. त्या सालाच्या शेजारी, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे, मेपलचे एक पान. माझा घासलेला डॉलर त्यांनी शेजारी ठेवला. त्यावरही तेच पान. "हे पान इथे का आले, हे तुम्ही सांगावयाचे," ते म्हणाले, "विषय तुमचा आहे."

मला सांगता आले नाही. त्यांनी नाण्याची दुसरी बाजू वर केली. राजाच्या मुखाभोवती लॅटिन अक्षरे आहेत. त्यांतली शेवटची 'एत इंड इंप', म्हणजे 'आणि भारताचा सम्राट'. पाचव्या जॉर्जच्या काळात, १९११ पासून, ही अक्षरे कॅनडाच्या नाण्यांवर आली. त्या पहिल्या वर्षी 'ईश्वरकृपेने' हे शब्दच गाळले गेले आणि तिकडे एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी ते परत घालावे लागले. (त्याच वर्षी आपल्याकडच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि तोही ठसा बदलावा लागला. पाचव्या जॉर्जला नाणी लाभली नाहीत असे दिसते.)

१९४७ च्या १५ ऑगस्टला भारत स्वतंत्र झाला. आता हजारो कोसांवरच्या कॅनडाला आपल्या नाण्यांवरून 'भारताचा सम्राट' काढणे भाग होते. नवे ठसे लंडनहून यावयाचे होते आणि ते १९४८ उजाडले तरी आले नाहीत. तिकडे चलनाची निकड होती. म्हणून १९४८ मध्ये १९४७ चेच ठसे वापरले गेले आणि हे साल खरे नव्हे, एवढे सांगण्यासाठी शेजारी एक मेपलचे पान कोरले गेले. नवे ठसे उशिरा पोचले, म्हणून १९४८ साल घातलेले डॉलर अवघे १८,७८० निघाले. आज कॅनडातील प्रत्येक संग्राहक ते शोधत असतो. पान असलेले डॉलर २१,१३५. पानाच्या अर्ध्या डॉलरमध्ये सातच्या आकड्याचा पाय सरळ आहे की उजवीकडे वळलेला, यावर किमतीचे आकाश-पाताळ होते. वळलेला फार दुर्मीळ. पानाचे सेंट मात्र चार कोटींहून अधिक पाडले गेले. म्हणजे पान दिसले की घबाड मिळाले, असे नाही. आमच्या सेंटची बाजारातली किंमत एका वहीच्या आसपास असेल.

नव्या नाण्यावर, भारताचे नाव गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेत, पूर्वी दोन आद्याक्षरांत आटोपलेले 'ईश्वरकृपेने' हे शब्द पूर्ण लिहिले गेले. हे ऐकून मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. ४७ सालावर मी तीस वर्षे धडे दिले. फाळणी, संस्थाने, तिरंगा, सारे सांगितले. पण आपल्या स्वातंत्र्याची खूण एका परक्या देशाच्या सेंटवर, तिळाएवढ्या पानाच्या रूपाने, कोट्यवधी खिशांतून फिरत होती, हे मला माहीत नव्हते. कोणा कॅनेडियन गृहिणीने तो सेंट देऊन टॉफी घेतली असेल. तिलाही माहीत नसणार.

समितीच्या बैठकीत डबा विकावा की ठेवावा, यावर बरीच चर्चा झाली. विकावा म्हणणाऱ्यांत आधी मी होते, आणि ठेवावा म्हणणाऱ्यांतही शेवटी मीच होते. डॉलर आता विकण्याजोगा मीच ठेवला नव्हता, हेही एक कारण. सभासदांनी ते बोलून दाखविले नाही, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. छपरासाठी माजी विद्यार्थ्यांनी वेगळी वर्गणी केली आणि या पावसाळ्यात प्रयोगशाळा कोरडी राहिली.

पेटीजवळ दोरीने बांधलेले एक भिंग आहे. नाणी उजव्या कोपऱ्यातून पाहण्यास सुरुवात करावी. माझा डॉलर मुद्दाम पुढे ठेवला आहे, त्यावरच्या रेषाही पाहाव्यात. आणि घरी आजोबांच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या कप्प्यात जुनी नाणी असतील तर कृपा करून त्यांना चिंच, राख, मंजन यांपैकी काहीही लावू नये. कडेने धरावीत, कागदी पाकिटात ठेवावीत आणि जाणत्याला दाखवावीत.

काल मांडणी चालू असताना सातवीतली एक मुलगी बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभी होती. मग तिने विचारले, "बाई, त्यांनी आपलं नाव काढलं, मग आपण आपल्या नाण्यावरून राजाला कधी काढलं?" मी तिला आपला १९४७ चा निकेलचा रुपया दाखविला. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला सहावा जॉर्ज, आणि त्याच्याभोवती इंग्रजीत 'किंग एम्परर'. स्वतंत्र भारताची, अशोकाच्या सिंहांची नाणी निघाली ती १५ ऑगस्ट १९५० रोजी. तिने बोटांवर वर्षे मोजली, रुपया परत जागेवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांच्यानंतर."