अंगण गेले कुठे?

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझा तीन वर्षांचा नातू माझ्यापाशी होता आणि मला संध्याकाळपर्यंत लेख पाठवायचा होता. मी त्याच्या हाती मोबाईल दिला. लेख वेळेत गेला. दोन तासांनी मोबाईल काढून घेतला, तेव्हा त्याने मांडलेल्या आकांताला मी ‘हट्ट’ म्हणालो. सूनबाई शांतपणे म्हणाली, “बाबा, सवय आपणच लावतो.”

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. वय तीन-चार असेल, तर त्यांतील ६० मिनिटे तरी धावण्या-बागडण्याची, दम लागेल अशी असावीत. दोन वर्षांखाली पडदा नकोच, पुढे फार तर एक तास. मला विशेष वाटली ती मात्र निराळीच सूचना: मुलाला सलग एका तासाहून अधिक वेळ बाबागाडीत वा खुर्चीत जखडून ठेवू नये. आमच्या घरी पट्टा नव्हता. ते काम मोबाईलने केले.

अशा वेळी आईला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत ती मुलाला धाडणार कुठे? १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ताराबाईंचे हे कार्य आहे. शब्द देशभर पोहोचला; आमच्या इमारतीच्या अंगणात मात्र मोटारी उभ्या आहेत.

म्हणून मी सोसायटीपुढे एक प्रस्ताव ठेवला. सायंकाळी पाच ते सात वाहनतळाची एक बाजू मोकळी ठेवावी आणि आम्हा आजोबामंडळींपैकी दोघांनी आळीपाळीने खाली बसावे. पकडापकडी, लपंडाव, चेंडू. याहून अधिक साहित्य त्या वयाला लागत नाही. बसायला आजोबा तयार आहेत. चार मोटारी हलवण्यावरून मात्र दोन बैठका झाल्या. तिसरी येत्या रविवारी आहे. नातवाला घेऊनच जाणार आहे.