काशीतील दोन वळणे

काशीचे माहात्म्य एका वळणात आहे. समुद्राच्या ओढीने पूर्वेकडे निघालेली गंगा या नगरापाशी उत्तरेकडे वळते आणि उत्तरवाहिनी म्हणून पूज्य ठरते. घाटांची रांग या वळणाच्या बाहेरच्या काठावर उभी आहे. पाण्याची ओढ त्या काठाकडे असते. समोरच्या, आतल्या काठावर वाळूचे पुळण पसरलेले दिसते. वेगाने वळणारी वस्तू बाहेर जाऊ पाहते, हे घाटाच्या पायरीवर बसून ज्याने पाहिले, त्याला मोटारसायकल चालविण्याचे निम्मे शास्त्र उमगले असे म्हणावयास हरकत नाही. मोटारसायकलला मात्र अडवावयास दगडी घाट नसतो.

उरलेले निम्मे शास्त्र गल्लीत आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तेथील गल्ल्या आखल्या गेल्या त्या माणसाच्या पावलांसाठी. दोन भिंतींमधली दगडी फरशी, तीवर शेण आणि सांडलेले पाणी, आणि दर पन्नास पावलांवर काटकोनात वळणारी वाट. कोपऱ्यापलीकडे काय असेल याचा नेम नाही. कधी दुधाच्या कॅनांची सायकल, कधी निश्चिंतपणे बसलेला सांड, कधी मणिकर्णिकेकडे निघालेली अंत्ययात्रा. येथे फटफटी चालावयाची ती चालत्या माणसाच्या वेगाने. क्लच अर्धा दाबलेला, इंजिनाचा आवाज एकसारखा, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका भार. हँडल वळणाच्याच बाजूला फिरवावयाचे, गाडी किंचित आत कलू द्यावयाची आणि आपले अंग उलट बाजूस ठेवून तोल साधावयाचा. पुढचा ब्रेक अशा वेळी वर्ज्य. हँडल वळलेले असताना तो दाबला की गाडी जागच्या जागी आडवी होते. बनारसचा दूधवाला हे सारे न शिकता करतो, आणि उत्तम करतो.

पण हाच स्वार शहराबाहेरच्या वर्तुळमार्गाला लागला की त्याची गल्लीतली विद्या त्याच्यावर उलटू शकते. मोकळ्या रस्त्यावर, वेग वाढल्यानंतर, दुचाकी हँडल फिरवून वळत नाही; ती कलून वळते. आणि तिला डावीकडे कलवावयाचे तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडेच वळवावे लागते. हे विधान ऐकून अनेकजण हसतात. विमान उडविण्यापूर्वी सायकलींचा धंदा करणाऱ्या राईट बंधूंपैकी विल्बर याने सायकलस्वारांना ते कसे वळतात हे विचारून पाहिले होते. आपण आधी हँडल उलट फिरवितो, याचा बहुतेकांना पत्ताच नव्हता. हात जाणतो, पण डोके जाणत नाही. संकटाच्या क्षणी डोके हातावर हुकूम चालविते आणि तेथेच घात होतो.

वेगाचा हिशेब कठोर आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सुमारे २७ अंश कलते. हाच वेग ५४ झाला, म्हणजे केवळ दीडपट, की चाकाला रस्त्याची पकड सव्वादोनपट लागते आणि कल ४९ अंशांच्या घरात जातो. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या टायरांवर एवढी पकड गृहीत धरता येत नाही. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. त्या तळहातातली पकड वळण्यात खर्च होत असता ब्रेकसाठी थोडीच उरते. म्हणून ब्रेक लावावयाचा तो वळणाआधी, गाडी सरळ उभी असताना, दोन्ही चाकांना, आणि मुख्यत्वे पुढच्या चाकाला. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची धास्ती फार. वस्तुतः गाडी थांबविण्याचे अधिक काम तोच करतो. वळणात शिरल्यावर इंजिनाला हलका, स्थिर पुरवठा ठेवला की गाडी सावरून राहते. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना चाक जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण तिचा साधा प्रकार कललेली गाडी घसरणार नाही अशी हमी देत नाही.

आता डोळ्यांविषयी. रस्त्यात आडव्या आलेल्या सांडाकडे टक लावून पाहणारा स्वार हटकून सांडावरच जातो. नजर जिकडे, गाडी तिकडे. नजर असावी लागते सुटकेच्या वाटेवर, वळण जेथे उलगडते तेथे. रस्ता डावीकडे वळत असेल तर आपल्याच पट्ट्याच्या उजव्या अंगाला राहिल्याने पलीकडचे लवकर दिसते. उजवीकडे वळत असेल तर डाव्या अंगाला, मात्र कडेची वाळू टाळून. मधली रेषा ओलांडावयाची नाही. आणि जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, त्याहून वेग अधिक नको.

सरावाला बनारसमध्ये जागा शोधणाऱ्या तरुणाला हिंदू विश्वविद्यालयाचे अर्धवर्तुळाकार रस्ते मोह घालतात. १९१६ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाची आखणीच तशी आहे. परंतु ते पायी चालणाऱ्या विद्यार्थ्यांचे रस्ते आहेत, शर्यतीचे नव्हेत. रिकामे मैदान, चार विटांच्या खुणा आणि एकच वळण पन्नास वेळा, आधी अगदी मंद, मग किंचित वेगाने, एवढी सामग्री पुरते. डोक्यावर शिरस्त्राण, त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला. कोपराला अडकविलेले शिरस्त्राण कोपराचेच रक्षण करते.

सायंकाळी असा तरुण ब्रह्माघाटाकडे परततो, तेव्हा वर्तुळमार्गावरचा वेग अजून त्याच्या अंगात असतो. गल्लीच्या तोंडाशी तो थांबतो, पुन्हा क्लच अर्धा दाबतो, पाय मागच्या ब्रेकवर ठेवतो. कोपऱ्यापलीकडून खांदेकऱ्यांचा आवाज येतो. तो इंजिन बंद करतो, उतरतो, आणि भिंतीला गाडी टेकवून वाट देतो. पुढचे वळण तो गाडी हातांनी ढकलीत पायीच घेतो.