करोडगिरी ते कांदा

(विद्यानगर येथील सभेत केलेले भाषण)



आपली घराणी निजामाच्या काळापासून येथे आहेत. ‘करोडगिरी’ हा शब्द आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेलच. संस्थानच्या हद्दीवर नाका आणि नाक्यावर जकात! 1802 साली इंग्रजांशी झालेल्या व्यापारी तहाने तिचा दर पाच टक्के ठरला होता. सोलापूरचा माल मराठवाड्यात येताना परका ठरत असे. पुढे राज्यघटनेच्या 301 व्या कलमाने देशांतर्गत व्यापार मोकळा करण्याचे तत्त्व मान्य केले आणि ते नाके गेले. देशाच्या सीमेवरचे मात्र राहिले.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर एकूण 50 टक्के आयातशुल्क लावले. हैदराबादची औषधे वगळली गेली, आंध्रची कोळंबी सापडली. आपण सगळे संतापलो, आणि ते योग्यच होते. पण दार लावून घेणे आपल्यालाही नवे नाही.

आपल्या मलकपेठच्या बाजारात कांदा येतो तो बराचसा महाराष्ट्रातून. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने त्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसवले आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. लासलगावचा भाव काही आठवड्यांत निम्म्याहून खाली आला. तिकडे ढाक्यात कांदा भडकला आणि परदेशातील गिऱ्हाईक पाकिस्तान, चीनकडे वळले. त्या दिवसांत निफाडहून माझ्या मामेभावाचा फोन आला. पीककर्जाचा हप्ता कसा फिरवता येईल, हे तो मला, बँकेतल्या माणसाला, विचारत होता. शेवटी म्हणाला, “दादा, तुमच्याकडे स्वस्त झाला असेल ना?” झाला होता. आम्ही त्या आठवड्यात पाच किलो घेतला होता.

बंदी 4 मे 2024 रोजी उठली, तीही टनाला किमान 550 डॉलर आणि 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. मधल्या लोकसभा निवडणुकीत नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या, यात नवल ते काय?

तांदळाचेही तेच. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, तेव्हा अमेरिकेतल्या आपल्या मुलांनी दुकानांत रांगा लावून पोती भरली. ती गंमत झाली. पण जगाच्या तांदूळ-निर्यातीत सुमारे 40 टक्के वाटा आपला. आपण हात आखडता घेताच जागतिक भाव पंधरा वर्षांत नव्हता इतका चढला. आफ्रिकेतल्या गरिबाने रांग कुठे लावायची?

भाव आवरू नयेत असे मी म्हणत नाही. आम्हीही पगारदार माणसे. पण शहराला कांदा स्वस्त द्यायचा, तर सरकारने तो बाजारभावाने विकत घ्यावा, कमी दराने विकावा आणि फरक अंदाजपत्रकात दाखवावा. आज तो निफाडच्या शेतकऱ्याच्या कर्जखात्यावर पडतो. या मागणीचा ठराव मी आपल्यापुढे मांडत आहे. मतभेद असतील तर ते आजच बोलून दाखवावेत, ही विनंती.