खरिपाच्या तोंडावर आकाशवाणी कशी ऐकावी?

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज सोयाबीन लागवडीवर बोलायला सांगितले होते. पण लागवडीचे तंत्र आपणांपैकी निम्म्या लोकांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलला. येत्या चार महिन्यांत आपल्या जवळच्या आकाशवाणी केंद्रावरून शेतीचे कार्यक्रम होतील, हवामानाच्या बातम्या येतील. त्या ऐकाव्यात कशा, आणि त्यांचा पेरणीशी मेळ घालावा कसा, एवढेच मी सांगणार आहे.

आता रेडिओ ऐकतो कोण, असे मागच्या रांगेतून कोणी म्हणेल. घरातला संच माळ्यावर गेला असेल तरी हरकत नाही. ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर आकाशवाणीची केंद्रे मोबाईलवरही ऐकता येतात. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव अशी केंद्रे आहेत. आपल्या केंद्राच्या शेती कार्यक्रमाची वेळ एकदा विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रथम हवामानाच्या बातम्यांकडे वळू. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता’ हे वाक्य आपण शेकडो वेळा ऐकले आहे. पाऊस आला नाही की आपण म्हणतो, हवामान खाते चुकले. पण या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजूनमापून घातलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर आणि त्याच्या पुढे ‘बहुतेक सर्व ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ ऐकले, तर आपले गाव कोरडे राहण्याचा संभवच जास्त.

पावसाच्या प्रमाणाचेही तसेच. हलका म्हणजे चोवीस तासांत साधारण 15 मिलिमीटरपर्यंत, मध्यम म्हणजे तेथून 64 मिलिमीटरपर्यंत. ‘मुसळधार’ हा शब्द 64.5 मिलिमीटरच्या पुढेच वापरतात आणि 115.6 पासून ‘अति मुसळधार’. मध्यम या एका शब्दात 16 मिलिमीटरही बसतात आणि 60 सुद्धा. पेरणीच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या भारी काळ्या जमिनीत 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि चांगला वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. वीस-पंचवीस मिलिमीटरने वरचा थर भिजतो, ढेकूळ फुटते, मातीचा वास सुटतो आणि शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसते. मग आपला धीर सुटतो. बी उगवते, पण खाली ओल नसते. आठ-दहा दिवस उघडीप पडली की रोप माना टाकते आणि दुबार पेरणी कपाळी येते. बियाणे, खत, मजुरी पुन्हा एकदा, आणि तीही बहुधा उसनवारीने.

म्हणून माझी विनंती आहे की रेडिओवर जिल्ह्याचा पाऊस ऐकून पेरू नका. आपल्या शिवारात किती पडला ते मोजा. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून आणि भिंतीपासून दूर, वाऱ्याने कलंडणार नाही असा ठेवा. सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये पाहा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. सरकारी पर्जन्यमापकाइतका हा डबा अचूक नाही, पण ‘बरा पडला’ या आपल्या नेहमीच्या मापापेक्षा पुष्कळच बरा.

याच्या जोडीला दर मंगळवारी आणि शुक्रवारी ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला निघतो. त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांसाठी सूचना असतात. तो कार्यक्रमात वाचला जातो तेव्हा वही जवळ असू द्या.

आता कार्यक्रमांविषयी. येथे मला एक कबुली द्यायची आहे. 2025 साली सोयाबीनच्या उगवणशक्तीवर माझे एक भाषण ध्वनिमुद्रित झाले होते. मृग लागल्यावर शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतात, या हिशोबाने ते जूनच्या मध्यावर ठेवलेले होते. त्या वर्षी मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. आपल्याकडेही मे महिन्यातच पाणी झाले. पुढे पावसाने ओढ दिली, पण तोपर्यंत अनेकांनी पेरून टाकले होते. भाषण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लागले. दुसऱ्या आठवड्यात एका गावी गेलो, तर एक वडीलधारे शेतकरी म्हणाले, “सर, पत्रिका चांगली छापली होती, पण लग्न लागून गेलं होतं.” मी काय बोलणार?

दोष कोणा एकाचा नव्हता. असे कार्यक्रम तीन-तीन महिन्यांचे आधी आखले जातात. कोणत्या आठवड्यात कोणता विषय आणि बोलणार कोण, हे पाऊस कधी येईल ते कळण्यापूर्वीच ठरलेले असते. ही आखणी हलवू शकेल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे गावातून वेळेवर आलेला प्रश्न. ‘आमच्याकडे 40 मिलिमीटर पाऊस झाला, पेरू का थांबू?’ अशी दहा पत्रे एका आठवड्यात केंद्रावर आली, तर शेती विभागाच्या अधिकाऱ्याला ठरलेला विषय मागे ठेवून आम्हांला बोलावता येते. पत्रच आले नाही, तर तो तरी काय करील? आणि मी तरी?

हे काही नवे नाही. 1956 साली आपल्याच राज्यात पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. गावातली मंडळी एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि राहिलेल्या शंका केंद्राला कळवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. तुलनेसाठी काही गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते. पाहणीत असे आढळले की मंडळाच्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार थोडी. हा निष्कर्ष वाचून मला तरी आश्चर्य वाटले नाही. एकटा माणूस ऐकतो आणि विसरतो. चौघांत बसला की कोणीतरी म्हणतो, “हे आपल्या मुरमाड रानात चालंल का?”, आणि खरा विषय तेथून सुरू होतो.

या खरिपात आपल्या गावात आठ-दहा जण तरी असे एकत्र बसा. त्यात घरच्या बायका असाव्यात. बियाणे निवडणे आणि खुरपणी ही कामे त्यांच्याच हातची असतात, आणि तणनाशकावरचे भाषण मात्र पुरुषच ऐकतात. एकाने वही सांभाळावी.

माझ्या भाषणाची पुन्हा गत होऊ नये म्हणून त्यातला मुद्दा आजच सांगून ठेवतो. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर दाण्यांना चांगले कोंब आले, तर एकरी 30 किलो बियाणे पुरे. साठच उगवले, तर 35 किलो लागेल. त्याहून कमी असल्यास ते बियाणे वापरू नये. पोती उंचावरून आपटू नका, या दाण्याचे टरफल फार नाजूक असते. पेरताना बी 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

आणि पत्र लिहाल तेव्हा गाव, तालुका, जमीन भारी की हलकी, पेरणीची तारीख आणि आपल्या डब्यात मोजलेला पाऊस एवढे अवश्य लिहा. ‘पिवळे पडले, उपाय सांगा’ एवढेच लिहिलेल्या पत्राला नेमके उत्तर देता येत नाही. पाकिटावर ‘शेती विभाग’ असे ठळक लिहा. पत्र पेरणीनंतर नको, आधीच टाका.